समान अर्थाने सहमत : फ्रँचायझीचा करार आणि त्याची मराठी प्रत

फ्रँचायझी म्हणजे एखाद्या व्यावसायिकाने आपले नाव, बोधचिन्ह, मालाची कृती आणि दुकान चालवण्याची ठरीव पद्धत दुसऱ्या व्यावसायिकाला ठरावीक मुदतीपुरती, ठरावीक हद्दीत आणि मोबदला घेऊन वापरू देणे होय. हा व्यवहार ज्या दस्ताने होतो तो बहुतेक वेळा देणाऱ्या कंपनीने आधीच तयार करून ठेवलेला, तीस-चाळीस पानांचा आणि संपूर्ण इंग्रजीत असतो. पुणे-बेंगळुरू महामार्गालगत साताऱ्यापासून कराडपर्यंत, आणि पुढे विटा, तासगाव, सांगली, मिरज या गावांत चहा, बेकरी, मिठाई, औषधे, चष्मे, बालवाडी, संगणक शिक्षण अशा अनेक धंद्यांत असे करार होतात, आणि ते करणारी बहुतेक माणसे आपला हिशोब, पत्रव्यवहार आणि विचार मराठीतच करतात. नोटिसा कोणत्या पत्त्यावर पाठवाव्यात आणि वाद कोणत्या शहरात चालावा या कलमांच्या आसपास, कराराच्या शेवटच्या पानांवर, ‘भाषा’ या शीर्षकाचे एक छोटे कलम असते : करार इंग्रजीत केलेला आहे, त्याचे कोणतेही भाषांतर केवळ सोयीसाठी आहे, आणि दोहोंत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. सह्या होताना हे कलम जवळजवळ कोणीच वाचत नाही. असे करार मराठीत उतरवून देण्याचे काम सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत ज्यांनी वर्षानुवर्षे केले त्यांच्या वाटेत मात्र हेच कलम पुन्हा पुन्हा आडवे आले आहे, आणि प्रस्तुत लेखन त्या कामाच्या अनुभवाचे आहे.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. वाणिज्यिक न्यायालयांविषयीच्या २०१५ च्या अधिनियमात वाणिज्यिक वादांच्या यादीत फ्रँचायझी करारांचे नाव आहे, आणि त्याआधी २००३ पासून सेवाकराच्या तरतुदींत फ्रँचायझीची व्याख्याही होती. परंतु करार कोणत्या भाषेत असावा, घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत त्याची प्रत द्यावी की नाही, याविषयी कोणताही कायदा बोलत नाही. त्यामुळे सगळा भार भारतीय करार अधिनियम, १८७२ यावर येतो, आणि त्या अधिनियमाचे तेरावे कलम भाषेच्या प्रश्नाला थेट भिडते. दोन व्यक्ती एकाच गोष्टीबाबत एकाच अर्थाने सहमत झाल्या म्हणजेच त्यांची संमती झाली, असे हे कलम सांगते. ‘एकाच अर्थाने’ हे दोन शब्द तिथे शोभेसाठी आलेले नाहीत. ज्या दस्तात एका पक्षाने इंग्रजी वाक्याला होकार दिला आणि दुसऱ्याने त्याच वाक्याच्या तोंडी सांगितलेल्या मराठी तात्पर्याला, तिथे सह्या दोन असल्या तरी अर्थ एकच होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही न्यायालयात सही करणाऱ्याने दस्त वाचून-समजून सही केली असेच गृहीत धरले जाते, आणि लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी बोलण्याचा पुरावा, फसवणुकीसारखे मोजके अपवाद सोडल्यास, पुरावा कायदा आत येऊ देत नाही. ‘कंपनीचा माणूस तर म्हणाला होता’ हे वाक्य या कामात सर्वांत जास्त वेळा ऐकू येते, आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगाचे तेच असते.

याच्या शेजारी एक तुलना ठेवण्यासारखी आहे. बँकेतर वित्तीय कंपन्यांनी कर्जदाराशी करावयाचा पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजेल अशा भाषेत असावा, असे रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. विमा आणि कर्जाच्या अनेक अर्जांवर, मजकूर आपल्या भाषेत समजावून सांगण्यात आला असे नमूद करून सही घेण्याची वेगळी चौकट असते. म्हणजे दुकानासाठी लागणारे फर्निचर कर्जाने घेणाऱ्याला त्या कर्जाच्या अटी मराठीत मागता येतात, परंतु ज्या करारासाठी ते कर्ज काढले त्या कराराची मराठी प्रत मागण्याचा हक्क त्याला नाही. फ्रँचायझी घेणारा हा ग्राहक नसून व्यापारी आहे आणि व्यापाऱ्याला आपले हित कळते, असे समर्थन यावर केले जाते. विट्याजवळच्या गावात पहिल्यांदाच दुकान टाकणारा तरुण आणि शेकडो करार एका साच्यातून काढणारी कंपनी यांना हे समर्थन एका तागडीत बसवते, आणि तिथेच ते अपुरे पडते.

अनुवादकाकडे करार येतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो. आगाऊ रक्कम दिलेली असते, गाळ्याचा भाडेपट्टा झालेला असतो, कधी तर रंगकामही सुरू असते. मग घरातील कोणी जाणते माणूस ‘एकदा मराठीत करून घ्या’ म्हणते आणि कागद येतात. मागणीही ‘थोडक्यात काय ते सांगा’ अशीच असते. करारातले थोडक्यात सांगितलेले आणि करारात लिहिलेले यांच्या मधल्या जागेतच पुढचे सगळे तंटे जन्मतात, म्हणून जुने अनुवादक थोडक्यात सांगण्याचे काम घेत नाहीत. ते पूर्ण मजकूर उतरवून देतात, नाहीतर नम्रपणे नकार देतात.

हा भाग दस्ताला नवखा नाही, हे इथे सांगितले पाहिजे. साठेखत, खुशखरेदीपत्र, हक्कसोडपत्र, भाडेपट्टा, मुखत्यारपत्र, विसार पावती हे शब्द साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शेतकरी घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि न्यायालयाच्या किंवा दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात बसणाऱ्या दस्तलेखकाने पिढ्यान्‌पिढ्या एक नेमकी, ठसठशीत मराठी घडवली आहे. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या दोन पदांनी कोण कोणाला बांधला जात आहे हे पहिल्याच ओळीत कळते. इंग्रजी करारांत ‘इन्डेम्निटी’ नावाचे एक मोठे कलम असते. म्हणजे एका पक्षाच्या कृतीमुळे दुसऱ्यावर दावा किंवा दंड आला, तर त्याचा सगळा खर्च पहिल्याने सोसायचा. कोशात यासाठी ‘क्षतिपूर्ती’ हा शब्द मिळतो आणि तो वाचून दुकानदाराच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. परंतु खरेदीपत्रात, कोणी हक्क सांगत आल्यास त्याचे निवारण लिहून देणार स्वखर्चाने करतील आणि लिहून घेणार यांस त्याची तोशीस लागू देणार नाहीत, असे जे कलम हमखास असते, ते दाखवून ‘तीच ही तोशीस, फक्त इथे ती तुम्ही कंपनीला लागू द्यायची नाही’ असे म्हटले की माणूस लगेच सावध होऊन बसतो. तोशीस हा शब्द कोशातल्या शब्दाहून अचूक आहे, कारण त्यात पैसा, त्रास आणि कटकट तिन्ही येतात.

उलट काही ओळखीचे शब्दच फसवतात. ‘हक्कसोड’ हा त्यांपैकी एक. इंग्रजी करारात ‘वेव्हर’ म्हणजे एखाद्या वेळी हक्क न बजावणे. कंपनीने एका महिन्याचा उशीर खपवून घेतला तरी पुढच्या महिन्याचा हक्क तिने सोडला असे होत नाही, एवढाच त्याचा आशय. त्याचे भाषांतर ‘हक्कसोड’ असे केले की या भागातल्या वाचकाला बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीवरचा वाटा कायमचा सोडल्याचा दस्त आठवतो, आणि कलमाचा अर्थ वाढून वेगळाच होतो. ‘रॉयल्टी’चेही तसेच. मराठीत तो शब्द जसाच्या तसा रुळलेला आहे, परंतु साताऱ्यात रॉयल्टी म्हटले की मुरूम किंवा वाळूच्या गाडीमागे सरकारात भरायची रक्कम डोळ्यांपुढे येते, जी गाडी भरली तरच लागते. फ्रँचायझीची रॉयल्टी मात्र अनेक करारांत विक्री झाली नाही तरी एका किमान आकड्याखाली जात नाही. खुद्द ‘फ्रँचाइज’ या शब्दाला कोशांत ‘मताधिकार’ हा पर्याय सापडतो, कारण इंग्रजीत तो शब्द मतदानाच्या हक्कासाठीही आहे, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरांत ‘मताधिकार करारनामा’ असे मथळे खरोखर आढळतात. बोलण्यात तर ‘फ्रँचायझी’ हा एकच शब्द हक्कासाठी, दुकानासाठी आणि तो घेणाऱ्या माणसासाठीही चालतो. म्हणून मराठी प्रतीत ‘कंपनी’ आणि ‘दुकानदार’ अशी साधी नावे व्याख्येत बांधून घेणे उत्तम, मग ती कितीही घरगुती वाटोत.

यंत्राच्या भाषांतराबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला, त्याचा ‘विचार’ होतो. ‘मटेरियल ब्रीच’ म्हणजे गंभीर भंग, त्याचा ‘साहित्याचा भंग’ होतो. कराराचा अर्थ लावणे या अर्थाच्या ‘कन्स्ट्रक्शन’चे ‘बांधकाम’ होते. या चुका इतक्या ढोबळ आहेत की वाचणारा अडखळतो आणि विचारतो. खरा धोका न अडखळवणाऱ्या शब्दांत आहे, आणि त्यांपैकी ‘निव्वळ विक्री’ हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे.

करारात लिहिलेले असते की दुकानदार दरमहा ‘नेट सेल्स’च्या पाच टक्के रॉयल्टी देईल. व्याख्येच्या पानावर नेट सेल्स म्हणजे एकूण विक्रीतून जीएसटी आणि ग्राहकाने परत केलेला माल वजा जाता उरणारी रक्कम, असे असते. मराठीत ‘निव्वळ विक्री’ हा शब्दशः बरोबर पर्याय आहे, आणि तरीही तो चुकतो, कारण सांगलीच्या पेठेत ‘निव्वळ’ म्हणजे सगळा खर्च वजा जाता हातात राहिलेले. उदाहरणादाखल एका दुकानाची महिन्याची विक्री, कर सोडून, ४ लाख रुपये धरली आणि त्यातून मालाचे २ लाख २० हजार, पगाराचे ६० हजार, गाळ्याचे ३० हजार आणि विजेचे व किरकोळ १० हजार गेले, तर दुकानदाराच्या मनातले निव्वळ ८० हजार आहे आणि त्याचे पाच टक्के ४ हजार होतात. कराराचे निव्वळ मात्र ४ लाख आहे आणि त्याचे पाच टक्के २० हजार. दोघांनीही एकच शब्द वाचला, एकच टक्केवारी वाचली, आणि महिन्याला १६ हजारांचा फरक घेऊन ते उठले. इथे कोणी खोटे बोललेले नसते. म्हणून अनुभवी अनुवादक या ठिकाणी ‘निव्वळ’ हा शब्द टाळून ‘कर व परतीचा माल वजा जाता, मात्र भाडे, पगार, मालाची खरेदी व इतर कोणताही खर्च वजा न करता होणारी विक्री’ असे लांबलचक लिहितो, आणि खाली आकड्यांचे एक उदाहरण जोडतो. भाषांतरात उदाहरण घालणे हे मुळाबाहेर जाणे आहे असा आक्षेप कंपनीच्या वकिलांकडून येतो. त्यावर उत्तर एवढेच की १८७२ चा करार अधिनियमच अनेक कलमांखाली उदाहरणे देऊन बोलतो.

त्याच अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमाखालचे उदाहरण या कामात वारंवार उपयोगी पडते. शंभर टन तेल विकण्याचा करार केला आणि कोणते तेल हे कशावरूनही कळत नसेल, तर तो करार अनिश्चिततेमुळे शून्य ठरतो. परंतु विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर त्याच्या धंद्यावरून ‘तेल’ या शब्दाचा अर्थ निश्चित होतो. सांगलीच्या बाजार आवारात हे कोणाला शिकवावे लागत नाही, कारण तिथे नुसते ‘शंभर पोती हळद’ म्हटले तरी वाण, प्रत आणि पट्टीचा रिवाज गृहीत असतो. फ्रँचायझीच्या करारात मात्र असा सामाईक रिवाज नसतो. कंपनीचा रिवाज तिच्या मुख्यालयातला, दुकानदाराचा त्याच्या पेठेतला. शब्द दोघांच्या मधे उभा असतो आणि त्याला दोन्हीकडून ओढले जाते.

हद्दीच्या कलमात हे फार स्पष्ट दिसते. इंग्रजीत ‘सोल’ आणि ‘एक्सक्लुझिव्ह’ असे दोन वेगळे शब्द येतात. पहिल्यात त्या हद्दीत दुसरा दुकानदार नेमला जाणार नाही, पण कंपनी स्वतः विकू शकते. दुसऱ्यात कंपनीनेही विकायचे नाही. मराठीत दोन्हींना ‘एकमेव’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि मग कंपनीने मोबाइलवरून घरपोच विक्री सुरू केली की भांडण उभे राहते. शिवाय हद्द म्हणून नुसते ‘सातारा’ लिहिलेले असते. सातारा हे शहर आहे, तालुका आहे आणि जिल्हाही आहे. कराडच्या दुकानाचा प्रश्न निघाला की तिन्हींपैकी कोणता सातारा, यावर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तयार होतात. सांगलीचे तर आणखी एक आहे : सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका एकच, तालुका मात्र मिरज. ‘सांगली तालुका’ असे करारात लिहिणाऱ्याने अस्तित्वात नसलेली हद्द दिलेली असते.

परंतु शब्दांहून अधिक फसवे मराठीचे व्याकरण ठरते, आणि एका अनुवादकाच्या हातून झालेली चूक इथे नोंदवली पाहिजे. पाच वर्षांच्या एका कराराच्या नूतनीकरणाचे कलम इंग्रजीत असे होते की मुदत संपल्यावर कंपनीला, सर्वस्वी तिच्या मर्जीने, करार आणखी पाच वर्षे वाढवता येईल. मराठी प्रतीत ते ‘मुदत संपल्यावर करार आणखी पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येईल’ असे उतरले. वाक्य शुद्ध होते, वाचायला सुबक होते, आणि त्यातून कर्ता गळून पडला होता. ‘करता येईल’ ही मराठीची मोठी सोयीची रचना आहे. ती कोणी करायचे हे न सांगताही पूर्ण होते, आणि वाचणारा त्या रिकाम्या जागेत स्वतःला बसवतो. दुकानदाराने तसेच केले. नूतनीकरण हा आपला हक्क आहे असे धरून त्याने चौथ्या वर्षी दुकानाची सजावट नव्याने केली, आणि पाचवे वर्ष संपताना मुदतवाढ नाकारल्याचे चार ओळींचे पत्र आले. मराठी प्रत घेऊन तो आला तेव्हा त्याला शेवटच्या पानावरचे भाषेचे कलम दाखवावे लागले : तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. त्या दिवशी अनुवादकाला उत्तर नव्हते. कंपनीचे कलम बिनचूक होते, दुकानदाराचा विश्वास बिनचूक होता, आणि चूक होती ती नेमकी त्या प्रतीत, जिला करार स्वतःच ‘केवळ सोयीसाठी’ म्हणत होता. ज्या कागदावर एका बाजूने लाखो रुपये घातले त्याला दुसऱ्या बाजूने सोयीचा कागद म्हणावे, हे या कलमाचे खरे दुखणे आहे. त्यानंतर त्या अनुवादकाच्या टेबलावरून गेलेल्या कोणत्याही कराराच्या मराठी प्रतीत ‘येईल’ या क्रियापदाआधी ‘कंपनीला’ किंवा ‘दुकानदाराला’ हा शब्द लिहिल्याशिवाय वाक्य पुढे गेलेले नाही.

‘रद्द’ आणि ‘समाप्त’ यांचाही घोटाळा त्याच जातीचा आहे. करार समाप्त झाला तर तोवर झालेले व्यवहार, थकलेली देणी आणि गुपिते राखण्याचे बंधन टिकून राहते. ‘रद्द’ म्हटले की सामान्य माणूस पाटी पुसल्यासारखे समजतो आणि अनामत रक्कम परत मागायला जातो. अनेकदा ती अनामत नसतेच, ते परत न मिळणारे प्रवेशशुल्क असते. पण पहिल्या भेटीत सगळेच त्याला ‘डिपॉझिट’ म्हणालेले असतात.

भाषेच्या कलमाचा दुसरा चेहरा दुकानाच्या पाटीवर दिसतो. दुकाने व आस्थापनांविषयीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन सर्वच दुकानांना मराठी देवनागरीतील नामफलक सक्तीचा झाला, आणि मराठी अक्षरे इतर लिपीच्या अक्षरांहून लहान असू नयेत असे ठरले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत मिळाली. फ्रँचायझी करारात मात्र पाटीचा रंग, माप आणि अक्षराचे वळण कंपनीच्या नमुन्याबरहुकूम असावे, त्यात तसूभरही बदल करू नये, असे असते, आणि तो नमुना रोमन लिपीतला असतो. नमुना पाळावा तर दंड दुकानदाराला, कायदा पाळावा तर करारभंगही दुकानदाराच्या नावे. शिवाय व्यापारचिन्हाची नोंदणी रोमन अक्षरांची झालेली असेल, तर देवनागरी रूप वापरण्याची परवानगी करारात आहे का, आणि ते रूप कोणते, हेही प्रश्न उरतात. अ वर चंद्र की ए वर चंद्र, शेवटची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ‘कॅफे’ की ‘कॅफ़े’ अशा गोष्टींवर एकाच साखळीच्या साताऱ्याच्या आणि मिरजेच्या दुकानांवर दोन वेगळी नावे लागल्याचे पाहण्यात आहे. नावाचे देवनागरी रूप परिशिष्टात एकदा छापून टाकले तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

तिसरा चेहरा कार्यपुस्तिकेचा. दूध किती अंशांवर तापवावे, टेबल किती वेळाने पुसावे, तक्रार आली तर काय बोलावे, हे सगळे ज्यात असते त्या पुस्तिकेला करार आपला भाग मानतो आणि ती पाळली नाही तर करारभंग झाला असे म्हणतो. पुस्तिका इंग्रजीत असते, कंपनी ती केव्हाही बदलू शकते, आणि ती पाळायची असते काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलांनी, ज्यांच्यापैकी कोणी मराठी शाळेतून आलेला, तर जत तालुक्यातला कोणी कन्नड बोलणारा असतो. पुस्तिकेचे भाषांतर दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने करावे, कंपनीची मान्यता घ्यावी आणि त्या भाषांतराचे स्वामित्व मात्र कंपनीकडे राहील, असेही कलम अनेक करारांत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे भाषांतराचा हक्क मूळ लेखनाच्या मालकाकडेच असतो, म्हणून मान्यतेची अट रास्त आहे. पण ज्याच्या खर्चाने मराठी पुस्तिका तयार झाली त्याच्याच शेजारच्या तालुक्यातील दुकानाला ती कंपनीने विकत द्यावी, हे रास्त म्हणता येत नाही.

हे सगळे अटळ आहे असे नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेपासून, एका पक्षाने आधीच ठरवून ठेवलेल्या साच्याच्या करारांना फ्रेंचचे बंधन आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ जून २०२३ पासून, असा करार दुसऱ्या भाषेत करायचा असला तरी आधी फ्रेंच मजकूर हातात द्यावा लागतो आणि मगच समोरच्याला दुसरी भाषा पत्करता येते. फ्रँचायझी करार बहुधा असेच साच्याचे असतात. इंडोनेशियात २००९ च्या कायद्याने करारांना राष्ट्रभाषेची अट घातली, आणि केवळ इंग्रजीत केलेला एक कर्जकरार २०१३ मध्ये जकार्तातील न्यायालयाने त्याच कारणाने शून्य ठरवला. पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. या दुसऱ्या टोकाला जाण्यात धोका आहे, कारण देणे बुडवू पाहणाऱ्याला भाषेची ढाल मिळते. क्वेबेकची वाट अधिक शहाणपणाची वाटते : भाषा निवडता येते, पण वाचून झाल्यावर.

आणि कंपनीने आपल्या विक्रेत्याशी मराठीत बोलणे ही गोष्ट या भागाला परकी नाही. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले, ते मुळात तेथील कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी. नांगर विकायचा तर तो ज्याला विकायचा त्याच्या भाषेत समजावला पाहिजे, हे त्या काळी कोणाला पटवून द्यावे लागले नव्हते. दुसरीकडे, खानापूर-आटपाडीपासून माण-खटावपर्यंतच्या गावांतून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या माणसांनी न वाचता येणाऱ्या लिप्यांतले भाडेपट्टे सही करून पाहिले आहेत; विट्यातल्या कोणत्याही वडीलधाऱ्याला विचारले तर परक्या लिपीतल्या कागदाविषयीची सावधगिरी तो तपशिलाने सांगतो. तीच सावधगिरी घरच्या गावात, इंग्रजी कागदापुढे मात्र का गळते, याचे कारण इंग्रजी ही परकी वाटत नाही, ती फक्त अवघड वाटते, आणि अवघड वाटल्याचे कबूल करायला माणूस लाजतो.

वाद न्यायालयात गेला तर भाषेचा प्रवास उलटा सुरू होतो. १९९८ पासून राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सातारा-सांगलीची प्रकरणे तिथे जातात. म्हणजे अंतर कमी झाले, भाषा तीच राहिली. बहुतेक फ्रँचायझी वाद लवादाकडे जातात आणि १९९६ च्या लवाद कायद्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे लवादाची भाषा पक्षांनी ठरवायची असते. ती ‘ठरवली’ जाते छापील करारात, आणि मग दुकानदाराच्या मराठी वह्या, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप या सगळ्यांचे इंग्रजी भाषांतर त्याने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचे. सही करताना ज्याने भाषांतराचे दोन-तीन हजार वाचवले त्याला पुढे त्याच्या कित्येक पट रक्कम उलट दिशेच्या भाषांतरावर घालावी लागते.

या अनुभवातून एक पर्यायी कलम हळूहळू आकाराला आले आहे. पूर्ण मराठी मजकुराला इंग्रजीच्या बरोबरीचा दर्जा द्यावा ही मागणी कंपन्या बहुधा मान्य करत नाहीत, आणि देशभर एकच साचा चालवणाऱ्याची त्यामागची अडचण खरी आहे. म्हणून मागणी आता एवढीच केली जाते की पैसा, हद्द, मुदत व नूतनीकरण आणि समाप्ती या चार विषयांचे एक द्विभाषिक परिशिष्ट असावे, त्याच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असाव्यात, त्यातल्या व्याख्या दोन्ही भाषांत समोरासमोर असाव्यात, आणि भाषेच्या कलमात पुढील मजकूर यावा : ‘या करारातील इंग्रजी मजकूर ग्राह्य राहील, मात्र परिशिष्टात समाविष्ट विषयांबाबत मराठी व इंग्रजी दोन्ही मजकूर समान दर्जाचे राहतील, आणि त्यांत तफावत आढळल्यास, ज्या पक्षाने करार तयार केला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घेतला जाईल.’ साच्याचा करार लिहिणाऱ्याने संदिग्धतेचा भार सोसावा, हे तत्त्व करारांचा अर्थ लावण्याच्या जुन्या नियमांतलेच आहे.

मराठी उद्योजकांनी चालवलेल्या लहान साखळ्यांनी हे कलम काही वेळा जसेच्या तसे घेतले आहे. मोठ्या साखळ्यांच्या कार्यालयांतून शेवटचे अर्धे वाक्य खोडून परत येते, परिशिष्ट मात्र बहुधा राहते. सह्यांच्या वेळी ते परिशिष्ट मोठ्याने वाचले जाते. आकड्यांच्या उदाहरणापाशी दुकानदार थांबतो, कॅल्क्युलेटर काढतो, कंपनीचा प्रतिनिधीही आपला काढतो, आणि दोन्ही पडद्यांवर २० हजार उमटले की पान उलटले जाते.